अंगठ्यात रोडेल

मॅनेजर म्हणाला, पुढच्या महिन्यापासून एकच माणूस पुरे,
लोक इथे जेवायला येतात.
रोडेलचा बास गेला सेबूला, तीन चादरींत गुंडाळून.
निहालने झांजा विकल्या एका शाळेला.
पियानोच्या झाकणावर आता खजुरांचं तबक असतं.

उरलो मी, सहा तारा,
आणि ते जुनं गाणं, बत्तीस मापांचं,
जे आम्ही चौघं जुफेरच्या या हॉटेलात सात वर्षं
रोज रात्री साडेनऊला वाजवत होतो,
डोळे मिटून, कधी कधी खरोखर झोपेत.

गुदैबियाच्या खोलीत रात्री दोनला बसतो.
तारांखाली मोजा कोंबलेला,
वरच्या पलंगावर दस्तगीर झोपलाय, पाचला त्याची गाडी येते.
लाँड्रीच्या पावतीमागे पाच रेघा ओढतो.

आधी गाणं ई-फ्लॅटमधून उचलून जीमध्ये आणलं,
कारण खोलीतला एसी जीमध्ये घुमतो.
तेवढाच एक वादक फुकटात.

धून करंगळीला दिली.
करंगळी कुरकुरते, तिला आजवर घरात काम नव्हतं.
अंगठ्याला सांगितलं, आजपासून तू रोडेल,
चालत राहा.
रोडेल ठोक्याच्या केसभर मागे असायचा,
उंबऱ्याशी चप्पल शोधत रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखा.
अंगठा ऐकत नाही. अंगठा वेळेवर येतो,
नव्या नोकरासारखा.

पियानोची दहा बोटं दोन बोटांत कशी मावायची?
वीस किलोची बॅग भरताना बायको करते तसं केलं:
हे राहू दे, ते तिकडे मिळतं.
प्रत्येक कॉर्डमधून पाचवा स्वर काढला.
काही बिघडलं नाही.
मग मूळ स्वरच काढला.
तिसरा आणि सातवा तेवढे ठेवले,
आणि कान आपलं आपण मूळ भरून घेत राहिला.
माझ्या जागी कुणी कवी असता तर
इथे गावाबद्दल काहीतरी बोलला असता.
मी पावतीवरचा रबराचा चुरा झटकला.

मधली आठ मापं मात्र हात देत नाहीत.
सूर दूर जातात, चार बोटं ताणून तुटायला येतात.
तेव्हा पप्पा आठवले.
वसईच्या लग्नांत कॉर्नेट वाजवायचे, पास्कू मास्तर.
पुढचे दोन दात पडले तशी वरची जागा सोडून
खालूनच वळायला लागले.
नवरीकडचे म्हणाले, मास्तर, आज काय दर्द होता.
पप्पा गप्प बसले, जास्तीचे पन्नास रुपये घेतले.
मीही खालूनच वळलो.

चोविसावं माप निहालचं. तिथे तो काय करायचा
हे आम्हा तिघांना कधीच ठाऊक नसायचं,
आणि बहुधा त्यालाही.
तिथे काही लिहिलं नाही.
नुसती आडवी रेघ.

मोजा काढून, जिन्यात बसून, फोनवर एकदा रेकॉर्ड केलं,
ऑगस्टच्या दमटपणात तारा घामेजलेल्या.
रोडेलला पाठवलं.
तिकडे सकाळ होती. एकाच शब्दाचं उत्तर आलं:
घाई.

पावणेपाचला दस्तगीर खाली उतरला.
बुटाची नाडी बांधता बांधता गुणगुणत होता.
मला वाटत होतं, मोज्यातून काही ऐकू जात नाही.
सगळं बरोबर होतं, फक्त मधल्या आठांत,
जिथे मी खालून वळलो होतो तिथे,
तो भलत्याच सुरावर जाऊन थांबला,
कुठल्याच कॉर्डमध्ये न बसणाऱ्या,
आणि तिथेच जांभई दिली.

“बस्त्याव, लाईट घालव,” म्हणाला, आणि गेला.

मी पेन्सिल शोधली.
अजून अंधारच होता. लाईट काही घालवला नाही.